लॉकर क्रमांक सात

माझं काम बोलायचं नाही.
पासपोर्ट बघायचा, तळहात यंत्रावर टेकवायला सांगायचा,
खिसे उलटे, बाह्या वर, चष्मा काढून दाखवा.
मग काचेआड बसायचं
आणि बघत राहायचं
उलानबातरमधली ही तरुण पोरं
सव्वादोन तासांत कशी म्हातारी होतात.

सोलोंगो पहिल्यांदा आली सप्टेंबरात.
तांब्याच्या खाणीच्या कचेरीत हिशेब बघते,
हे तिनं न विचारताच सांगितलं.
घाबरलेली माणसं सांगतातच काहीतरी.
पाचशे पंच्याण्णव.
नोव्हेंबरात सहाशे पस्तीस. बाहेर येऊन
ती मला, भिंतीला, पाण्याच्या पिंपालासुद्धा
सारखीच हसली.

तिला हवे होते सहाशे पंचावन्न.
वीस कमी.
वीस म्हणजे एखाददुसरं गणित,
घाईत वाचलेला एक उतारा.
वीस म्हणजे हाताशी येऊन
मांजरानं पळवलेला घास.

मी कुस्ती खेळायचो, हे इथं कुणाला माहीत नाही.
आमच्यात गुडघा टेकला की संपलं.
जिंकणाऱ्याच्या हाताखालून वाकून जायचं
आणि सरळ घरी.
अठ्ठ्याण्णव साल, तिसरी फेरी, उजवा गुडघा.
हवा फिरली की अजून ठणकतो.
इथं मात्र पडायची सोय आहे
वर्षातून पाचदा, फी भरून.
मला कधी कळलं नाही
यातलं दयाळू कोणतं.

जानेवारीत ती तिसऱ्यांदा आली.
उणे एकोणतीस. कोळशाचा धूर खिडकीला चिकटलेला.
कॅमेऱ्यात दिसत होतं :
पहिला तास ताठ मान,
मग मार्करचं टोपण चावणं,
मग शेवटच्या चार मिनिटांत
पाटीवर काहीही न लिहिता नुसतं बघणं.

सहाशे पंचवीस.

ती उठलीच नाही. मी दार उघडून उभा राहिलो
तेव्हा म्हणाली, "हौदाचं गणित होतं.
एक नळ भरतो, एक रिकामा करतो.
आमच्या टेकडीवर नळच नाही, काका.
निळे कॅन, ढकलगाडी, बर्फावरचा चढ,
बारा वर्षं मीच पाणी आणलं.
वाटेत किती सांडतं ते विचारा ना मला.
तेवढं सोडून सगळं विचारतात."

प्रश्नांबद्दल बोलायला परवानगी नाही, मी म्हणालो.
मला म्हणायचं होतं वेगळंच.

मग ती बोटं मोजत बसली.
फी म्हणजे आईचे पुढचे दोन दात.
भाऊ म्हणतो सहाशे पस्तीस पुरे,
निबंध नीट लिही, झोप काढ.
साहेब म्हणतात सुट्टी संपली.
आणि रात्री अडीचला
ती स्वतः स्वतःला काय म्हणते
ते तिनं सांगितलं नाही,
बोट मात्र दुमडलं.
"तुम्ही काय केलं असतं?"

नियमाप्रमाणे मी नियमच सांगितला :
"मध्ये सोळा दिवस थांबावं लागतं."
ती हसली. पिंपाला हसली होती तशी नाही.

गेली, आणि लॉकर सातमध्ये हातमोजे राहिले.
उंटाच्या लोकरीचे, अंगठ्याशी रफू केलेले.
मी जिन्यावरून हाक मारली, गुडघ्यानं घात केला.
खाली बसथांब्यावर ती
दोन्ही हात काखेत धरून उभी होती,
जणू कुणाच्या तरी खालून
वाकून जायचं तिनं नाकारलंय.

सतराव्या दिवशी मी यादी पाहिली. नाव नव्हतं.
बरं वाटलं.
अठराव्या दिवशी वाईट वाटलं.
फेब्रुवारी गेला. टेबलाच्या खणात मोजे होते,
मी शार्पनर शोधायचो आणि ते हाताला लागायचे, गरम.

आज सकाळी यादीत पाचव्या ओळीवर
एक नाव आहे. सोलोंगो. पण वडिलांचं नाव दुसरं,
जन्मसाल दुसरं.
ही वेगळी मुलगी, हिला थेंबभरही ठाऊक नाही
सोलोंगोबद्दल.

तरी मी तिला सात नंबरची किल्ली दिली नाही.