बाटली उन्हात

डिसेंबरात धनकवडीला खोबरेल थिजतं.
आई बाटली गच्चीच्या कठड्यावर ठेवते
आणि फोन करून सांगते, ठेवलीय गं उन्हात,
जणू ती बाटली माझ्या प्रबंधातली आहे.
एका अर्थी आहेच.

भवानी पेठेत आमचा घाणा होता.
लाकडी, मग लोखंडी, मग बंद.
अण्णा चिमटीत तेल चोळून सांगायचे,
करडई कुठल्या रानातली, पाणी किती प्यालेली.
गिऱ्हाइकं हसायची. ते हसत नसत.

मी पाषाणला प्रयोगशाळेत तेच करते,
फक्त बी दिसत नाही.
पाणीपुरीच्या पुरीएवढा काचतंतूंचा गोल कागद,
त्यावर हिरवट-तपकिरी डाग:
चार लिटर अरबी समुद्र.
क्लोरोफॉर्म, मिथेनॉल, थोडं पाणी.
नळीत दोन थर पडतात, तेल खालच्या थरात.
डोळ्याला ते दिसत नाही, यंत्राला दिसतं,
आणि यंत्र कागदावर डोंगर काढतं
एकामागे एक, सिंहगड ते तोरणा.

पाकिटावर शिसपेन्सिलीनं:
ठाणं नऊ, चाळीस मीटर, पहाट.
मुबीन मुकादमचं अक्षर, जहाज हलताना काढलेलं,
नऊचा पाय घसरून पार कडेला गेलेला.
तो म्हणतो, एकदा ये की बोटीवर.
मी समुद्र पाहिलाय हरिहरेश्वरला,
गुडघ्यापर्यंत.

फेब्रुवारीत गार वारा पाणी ढवळतो.
तेव्हाच्या त्या एकपेशी जिवांच्या तेलात वाक जास्त,
साखळ्यांना गुडघे, कोपरं.
म्हणून त्या एकमेकींना चिकटून बसत नाहीत,
पेशीची कातडी लवचीक राहते, थिजत नाही.
आमच्या खोबरेलाला हे अजून जमलेलं नाही.

एप्रिलात पाणी तापतं, पडून राहतं,
तळाचं खत वर येत नाही.
वाक कमी होत जातात.
स्फुरद संपलं की हे जीव
स्वतःच्या कातडीतून स्फुरद सोडवून घेतात
आणि तिथे गंधक बसवतात.
खाऱ्या पाण्यात गंधकाला तोटा नाही.
दारात आहे त्यात भागवायचं.

आणि नत्र संपलं, की तेल साठवतात.
वाढ थांबते, ऊन मात्र थांबत नाही,
उपाशीपोटी लठ्ठ होत जातात.
हे अण्णांना सांगितलं
तेव्हा ते बराच वेळ पेपर वाचत राहिले.
मग म्हणाले,
ज्या वर्षी घाण्याचा बैल मेला
त्या वर्षी घरात सगळ्यात जास्त तीळ होते.

मी हे प्रबंधात लिहू शकत नाही.

गेल्या गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली.
जनरेटर खोकला आणि गप्प बसला.
उणे ऐंशीचं कपाट:
उणे एकाहत्तर. उणे चौसष्ट.
रखवालदार बाबर टॉर्च धरून उभे,
ताई, उघडून बघू का?
नाही.
एवढंच काम होतं, न उघडण्याचं.
आम्ही दोघं कपाटासमोर खुर्च्या टाकून बसलो
आजाऱ्यापाशी बसावं तसे.
बाबरांनी डब्यातली शेंगदाण्याची चटणी पुढे केली.
उणे एकावन्नवर वीज आली.

आज ठाणं नऊ लावलंय यंत्राला.
ती पाच वाकांची लांब साखळी,
जी बांगड्याला स्वतःला पुरेशी करता येत नाही,
खालून, या ठिपक्यांकडूनच घ्यावी लागते,
तिचा डोंगर बुटका आलाय.
पर्वतीएवढासुद्धा नाही.

समुद्र तापला म्हणून,
की गुरुवारी वीज गेली म्हणून?
वहीत दोन्ही लिहिलंय, तारखेसह.
मुबीनला कळवायचं राहिलंय.

सवयीनं चिमूट चोळून पाहिली.
हातमोजे होते.

आईचा फोन: वितळलं बघ,
येताना रिकामी बाटली आण एक.