मानस

रविवारी दहाला ग्रामसभा, कोरम भरला सव्वाअकराला.
मी इतिवृत्ताची वही उघडली, पेनाला झटका दिला.
विषय क्रमांक सात :
देवळामागची झर
आणि टेकडीवरच्या खोल्यांतली लमाणी माणसं.

कुणी वाईट बोललं नाही, हे आधी लिहून ठेवतो.
जो तो म्हणाला, "तशी ती माणसं गरीब, पण..."
आणि त्या पणवर दुर्भाट अर्धा तास बोलत राहिलं.
म्हाब्ळूने एवढंच विचारलं,
"झर वाहायला लागली तेव्हा ठराव कोणी मांडलेला?
अनुमोदन कोणाचं?"
सभा हसली. मीही हसलो, मान खाली घालून.

सरपंच सुकांतीबाई म्हणाल्या, लोकशाही आहे, हात वर करा.
मोजले. पुन्हा मोजले.
एकशे चौऱ्याऐंशी.
विरोधात एक. म्हाब्ळूचा हात
वाऱ्याच्या झटक्यापासून अर्धाच उठतो,
काही म्हणाले, तो धरू नका.
धरला.

हेमली दाराशी उभी होती, कळशी काखेत.
तिचं नाव मतदारयादीत नाही.
तिच्या तहानेला रहिवासी दाखला कुठल्या कचेरीतून आणायचा,
आणि वहीत त्यासाठी रकाना कुठला?

रात्री झोप लागेना. खाजनाच्या बांधावर जाऊन बसलो.
झुआरी चढत होती.

माझे बाबा मानशेकार. एकतीस वर्षं
त्यांनी या मानशीवर कंदील टांगला.
लहानपणी मी विचारलं होतं,
भरतीला दार कोण लावतं? तुम्ही तर घोरत असता.
म्हणाले, भरतीच लावते.
पाणी आत घुसायला धावतं,
त्याच्याच छातीचा जोर फळ्यांवर येतो,
फळ्या मिटतात.
जेवढी भरती मोठी, तेवढं दार घट्ट.
ओहोटीला आतलं पाणी दार ढकलून आपणहून निघून जातं.
आपलं काम एवढंच,
फळी कुजली का ते सुक्या दिवसांत बघायचं.

मी कायदा शिकलेला माणूस नाही.
बी.कॉम., दुसऱ्या वर्गात, तेही ऑक्टोबरला.
पण त्या अंधारात फळ्या लागल्याचा आवाज ऐकला, धप्प,
आणि वाटलं, एकशे चौऱ्याऐंशी हात म्हणजे पाणी.
पाणी नको असं कोण म्हणेल?
पाण्याशिवाय खाजन म्हणजे नुसता चिखल.
पण भात उगवतं ते
कुणीतरी कधीतरी, डोकं थंड असताना,
आपल्याच उद्याच्या उधाणाविरुद्ध बसवून ठेवलेल्या दारामुळे.
यालाच बहुधा प्रजासत्ताक म्हणतात.
सव्वीस जानेवारीला आपण त्याला सलाम करतो,
लाडू खातो,
आणि फळी तपासायचं राहून जातं.

सोमवारी ठरावाखाली लाल शाईने लिहिलं :
'सदर विषय सभेच्या अधिकाराबाहेरचा वाटतो.'
'वाटतो' खोडलं. 'आहे' केलं.
हात थोडा कापला, ते अक्षरावरून दिसतं.
कागद गटविकास कार्यालयात पाठवला.

सुकांतीबाईंनी तीन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं.
चौथ्या दिवशी चहा पाठवला, मागोमाग स्वतः आल्या.
"तुमच्या बापायन मानस कधी उघडी ठेवलेली?"

एकदा, म्हटलं.
सगळ्या गावाने सांगितलं म्हणून.
भरतीबरोबर मासे आत येतील, मग जाळं लावू.
आले. आठवडाभर घरोघरी शेवटे, चणक, काळुंद्र्या.
मग तीन वर्षं भाताचा दाणा नाही.
मिठाने जमीन पांढरी पडली होती,
चांदण्यात तर सुंदर दिसायची.

त्या काही बोलल्या नाहीत. कप उचलून नेला.

वरून उत्तर अजून आलेलं नाही.
झरीवर कुणी कुलूप घातलेलं नाही,
कुणी वाटही दाखवलेली नाही.
हेमली अजून काळोखातच येते,
कळशी दगडाला लागून वाजू नये
म्हणून तळाला फडकं गुंडाळून.