बाक

बाक मीच बनवला.
जुन्या होडीच्या फळीचा,
जिला सरोवरानं वीस वर्षं चाटलं तरी कुजली नाही अशा फळीचा.
सहा जणी बसतील एवढा लांब,
दोघींना उचलता येईल एवढा हलका,
रिस्परनं सांगितलं तसा.
कशाला हवाय, विचारलं तर म्हणाली, बसायला.
पैसे तीन हप्त्यांत दिले,
त्यातला शेवटचा वाळलेल्या ओमेना मासळीत, दोन डबे,
वरपर्यंत भरून.

पहिल्यांदा तो ओलोचच्या दारासमोर पाहिला.
रात्रीचे नऊ. पाण्यावर मासेमारीचे दिवे,
जणू दुसरंच एक गाव तिकडे सुखानं जेवायला बसलेलं.
ओलोचच्या घरातून जे ऐकू येत होतं
ते आम्ही किनाऱ्यावरच्या सगळ्यांनी
वर्षानुवर्षं ऐकलं होतं,
आणि रेडिओ मोठा करून ऐकलं नव्हतं.
सहा जणी आल्या. बाक ठेवला. बसल्या.
दार ठोठावलं नाही, शिवी दिली नाही, देवाचं नावही काढलं नाही.
डॉर्काहनं फाटकं जाळं मांडीवर घेतलं.
दुसरीनं शेंगा सोलायला काढल्या.
आतला आवाज थांबला.
त्या उठल्या नाहीत.
पहाटे होड्या परत आल्या तेव्हाही तिथेच होत्या,
टरफलांचा ढीग पायाशी.

आम्ही पुरुष धक्क्यावर पोट धरून हसलो.
सगळ्यात जास्त मी.
म्हटलं, बसू द्या, लाकूड माझं आहे, मोडायचं नाही.

मग एक मंगळवार.
कारण सांगणार नाही.
सांगितलं की ते खरंच कारण होऊन बसतं.
अचोला चुलीपाशी होती, माझा हात वर होता,
आणि बाहेर लाकूड जमिनीला टेकलं.
त्या बाकाचा एक पाय किंचित आखूड आहे,
चूक माझीच, रिस्परपासून लपवलेली.
आधी तीन पाय टेकतात, मग चौथा.
ठक्.
आणि ठक्.
अख्ख्या किनाऱ्यावर हा आवाज
माझ्याइतका कुणाला ओळखता आला असता?

हात उगारायला कुणी शिकवावं लागत नाही.
वर गेलेला हात परत कुठे ठेवायचा
ते मला कळेना.
मी तो भिंतीवर ठेवला, मग खिशात, मग डोक्यावर.
बाहेर कुणीतरी खोकलं.
फटीतून पाहिलं तर टोकाला माझी थोरली बहीण,
जिच्या दाराशी तिच्या दिवसांत कुणीच बसलं नव्हतं,
मीसुद्धा नाही. आणि माझं घर तर तिसरंच.
ती दाराकडे बघत नव्हती.
शेंगा सोलत होती.

सकाळी अचोला पेटी घेऊन बाहेर पडली.
सहा जणी उठल्या आणि तिच्याबरोबर फाट्यापर्यंत गेल्या.
बाक तिथेच राहिला, रिकामा,
दुपारपर्यंत माझ्या दाराकडे तोंड करून.
मी त्याच्यावर बसलो नाही.

ती अजून आलेली नाही.
येईल, असंही मला कुणी म्हटलेलं नाही.

महिन्यानं मी रिस्परकडे गेलो. भाषण पाठ करून गेलो होतो.
तिनं अर्ध्यातच थांबवलं.
म्हणाली, बोलायला माणसं खूप आहेत रे.
डॉर्काहची कंबर दुखते. तू उचल.

आता एक टोक माझ्याकडे असतं,
दुसरं सतरा वर्षांच्या एका पोराकडे,
तो का येतो ते तो सांगत नाही, मी विचारत नाही.
ठेवायचा आणि बाजूला व्हायचं, घराकडे पाठ करून.
शनिवारी सभा असते. कोण कोण येणार विचारलं
की भराभर हात वर होतात.
मी नुसतं "आहे" म्हणतो.
माझा वर गेलेला हात कसा दिसतो
ते त्यांच्यापैकी एकीला माहीत आहे
आणि ती आता इथे नाही.

त्या पायाला एक चकती ठोकून देतो, म्हटलं परवा,
पाच मिनिटांचं काम.
रिस्पर म्हणाली, तुला आधीपासून माहीत होतं?
म्हटलं, हो.
ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.
मग म्हणाली, राहू दे.
आतल्याला ऐकू गेलं पाहिजे.

काल रात्री पुन्हा निघालो.
दव पडलं होतं, बाक ओला.
पुसायला माझ्याजवळ अंगातला शर्ट तेवढा होता.