तीनशे अठरा फूट

एप्रिल. मका अजून पेरायचाय.
एल्डन फ्रूशी रबरी बुटांनी तळ्यात उभा,
म्हणजे शेतातच, पण गेली तीन वर्षं
या कोपऱ्याला तो तळंच म्हणतो.

मी ओढ्याच्या काठाशी गुडघे टेकून
नळीच्या तोंडाची जाळी काढते.
आतून एक बेडूक निघतो, झोपमोड झाल्यासारखा.
मग कॅमेरा: अंगठ्याएवढं डोकं,
भोवती बारीक दिवे, मागे पिवळी केबल.
जमिनीच्या पोटात डोकावून मी पोट भरते,
असं बँकेत कर्ज मागताना सांगितलं होतं.
समोरची बाई हसली नाही.

चाळीस फूट. भाजक्या मातीच्या लाल नळ्या,
एकीपुढे एक नुसत्या ठेवलेल्या,
मध्ये नखाएवढी फट. पाणी तिथूनच आत येतं.
कुणीतरी सांधे बुजवायचं टाळलं
तेवढ्यावर ओहायोतली ही दलदल शंभर वर्षं पिकली.
नव्वद. नारिंगी गाळ.
एकशे सत्तर. एक नळी हातानं तासून
तिरकी बसवलेली.
"इथं वळण नाही," एल्डन म्हणतो
आणि खिशातून आजोबांचा नकाशा काढतो.
पेन्सिलीची रेघ, फूटपट्टी धरून मारलेली.
कॅमेरा डावीकडे वळतो.

मी गप्प. या धंद्यात
कुणाच्या आजोबांविषयी बोलायचं नसतं.

दोनशे नव्वदला हद्द.
वर एक लोखंडी खुंटी आहे,
रेकरांनी दोन ओळी सोयाबीन अलीकडे पेरलं
म्हणून सोळा वर्षांचा अबोला आहे,
चर्चमध्ये मुद्दाम लांबचे बाक आहेत.
खाली काहीच नाही.
तीच लाल नळी, तीच फट,
तळाशी पाण्याची एक बारीक रेघ
पलीकडून अलीकडे येणारी.

तीनशे अठरा.
पडद्यावर केस.
पांढरे, लांब, आताच कुणी धुऊन सोडल्यासारखे.
कॅमेरा त्यांना नाक लावून थांबतो.
"वाळुंज," मी म्हणते. "मुळं.
पाणी इथं तुंबतं, वर येतं,
आणि उतारानं तुझ्याकडे चालत येतं."

शोधकाठी घेऊन मी वरून निघते.
एल्डन खुंटीपाशी थांबतो, मी ओलांडते.
काठी बुंध्याशी जाऊन किंचाळते.
राल्फ रेकर गेला त्या वर्षी लावलेलं झाड,
आता घराहून उंच.
मी मातीत नारिंगी झेंडी खोचते.

विल्मा दारात, हातात भांडी पुसायचं फडकं.
"झाड तोडायचं नाही," ती माझ्या डोक्यावरून ओरडते.
"कोण म्हणालं तोड?" खुंटीपासून एल्डन.

सोळा वर्षांनी हे.
पुढचं दोघांनाही सुचेना.
वाऱ्यावर झेंडी तेवढी फडफडत राहिली.

मी केबल गुंडाळायला घेतली,
चिंध्यांनी पुसत, तीनशे अठरापासून उलटी.
सत्तरच्या आसपास लक्षात आलं,
बिल कुणाच्या नावानं करायचं
ते विचारायचं राहिलंय.