तिसऱ्या गोणीवर

गिरासे सर सहा आठवड्यांचा कोर्स करून परत आले
तेव्हा त्यांच्या ट्रंकेत एक हातमोजा होता,
लाल टाक्यांचा एक चेंडू,
आणि एक शब्द, जो नंदुरबारात कुणाच्या जिभेवर बसेना.
बेजबोल. बसबाल.
झुलाल हमालाने चेंडू हातात तोलून पाहिला:
"हाई ते गिल्लीदांडूना भाऊ शे,
शहरमा राहीसन उना."

शाळेचं मैदान क्रिकेटचं.
रोलर क्रिकेटचा, पाण्याची टाकी क्रिकेटची,
लिंबाखालची सावलीसुद्धा
बाराव्या गड्याच्या नावावर.
आम्हाला मिळाली गावाबाहेरची मिरचीची पथारी,
दसऱ्यानंतर तिथे मिरची वाळायची,
होळीनंतर उरायची नुसती लाल धूळ,
पावसाने धुतली तरी
शिंक आणणारी.

चार गोण्या देठांनी भरल्या.
चौथीला सर घर म्हणत.

मोजा एकच, आणि तोही डावऱ्याचा.
दुकानदाराने फसवलं की सरच चुकले,
ते कधी बोलले नाहीत.
त्यांनी फक्त सांगितलं, उद्यापासून डाव्या हाताने फेका.
वर्षभर आमचे चेंडू सगळीकडे गेले,
एक तर नाल्यापलीकडे म्हशीच्या पाठीवर.
वेस्ता पावरा तेवढा जन्माचा डावरा,
मक्यावरची पाखरं गोफणीने उठवणारा.
त्याने फेकलं की मोज्यातून धूर निघाल्यासारखी
मिरची उडायची.

हुसैन वेल्डरने टेबलफॅनच्या जाळीचा मुखवटा केला.
खरादीने बॅट कातली, लाटण्याला एकच मूठ ठेवून.
सगळं जमलं,
एक सोडून:
मारल्यावर बॅट टाकायची, हे जमेना.
पोरं ती काखेत घेऊन पळायची,
गोणीजवळ पोचली की टेकवायची जमिनीला,
जशी क्रीजमध्ये टेकवतात.
सर ओरडायचे, "टाक! अरे, टाक ती!
हात मोकळे ठेवून पळ!"

मला दमा. मी वहीवर.
एकशेवीस पानी, मागच्या कव्हरवर पाढे.
नंदुरबारातल्या बेसबॉलचा सगळा इतिहास तिच्यात आहे,
सव्वीस पानं. पुढे कोरी.

शेवटचं पान शहाद्याच्या पोरांशी झालेल्या सामन्याचं.
दसऱ्याआधीचा रविवार.
टेनिस बॉलची टूर्नामेंट समजून बरीच माणसं आली.
एकाने विचारलं, ओव्हर किती?
म्हटलं, ओव्हर नसतात.
"मग संपतं कधी?"
मी वही चाळली. सर म्हणाले, सांग, तिघे बाद झाले की.
"आणि नाहीच झाले तर?"
तो चुन्याच्या रेघेवरून चालत निघून गेला,
बाकीचे त्याच्या मागे, ट्रान्झिस्टर कानाला लावून.

सातवा डाव. ते अकरा, आम्ही नऊ.
सुपडूने मारला, आणि त्या वर्षात पहिल्यांदा
बॅट टाकली.
पहिली गोणी. दुसरी. तिसरीवर तो पोटावर घसरत गेला,
उठला तेव्हा डोळे, नाक, सगळं वाहत होतं,
आणि हसत होता.

तेवढ्यात ओल्या मिरचीचा पहिला टेंपो आत शिरला.
मागून दुसरा.
मुनीम म्हणाला, सर, माल तापतोय, जागा द्या.
सरांनी जागा दिली.
बायका टोपल्या घेऊन उतरल्या
आणि पाऊण तासात सगळं लाल झालं,
रेघा, गोण्या, घर.

पुढच्या वर्षी पथारी धुळे रस्त्याला गेली.
सर बदलून गेले, मोजा त्यांच्याबरोबर.
वेस्ता कुठे आहे, कुणी म्हणतं बारडोलीला, उसात.
जुन्या जागी आता प्लॉट, सिमेंटचे खुंट,
त्यांच्यामध्ये पोरं क्रिकेट खेळतात. बरं खेळतात.

परवा सुरतेहून सुपडूचा फोन आला,
लूमचा खडखडाट मागे, अर्धे शब्द त्यात गेलेले.
पोराने विचारलं म्हणाला, पप्पा, तुम्ही काय खेळायचे?
मग थोडा थांबून,
"वही शे ना तुनाकडे?"
आहे.
"मी आउट होतो का रे त्या दिवशी?"
मी पान काढलं. शाई फिकट, पण वाचता येते.
नाही, म्हटलं.
"मग?"
तिसऱ्यावर आहेस.