गुडघ्याची वाटी

कीथलीत, बंद सूतगिरणीच्या मागे,
क्लिफर्ड अ‍ॅकरॉइड पत्र्याला गुडघा शिकवतो.
ओंडक्याचा खळगा, त्यात पोलाद, गोल तोंडाची हातोडी,
कडेकडून मध्याकडे, फिरवत फिरवत.
घाई केली की पत्रा आधी रुसतो, मग फाटतो.

म्हटलं, आमच्यात याला वाटीच म्हणतात,
गुडघ्याची.
हसला. त्याची स्वतःची झिजलीय,
ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे गेली.

माझा मामा तांबट. घंगाळावर मठार काढायचा,
ठोका न् ठोका उन्हात मोजून घ्यावा असा.
इथे उलटं: ठोके पुसायचे,
जणू कुणाचा हात लागलाच नाही.

संध्याकाळी वाटी उताणी केली.
आतल्या अंगाला सगळे होते,
दाटीवाटीने.

क्लिफर्डने ती पट्ट्याने स्वतःच्याच पायाला बांधली
आणि उठताना ऐरण धरली.