फुंकर

अक्कलकोट रोडच्या आमच्या शेडमध्ये
मार्चात आलं ते यंत्र.
कात्री नाही, पातं नाही.
लाल ठिपका कापडावरून धावतो
आणि मागे कॉलर सुटून पडलेली असते.

गड्डम मास्तर दोन दिवस नुसते बघत राहिले.
तिसऱ्या दिवशी खिशातला खडू काढून टेबलावर ठेवला,
जेवायला जाताना पुन्हा उचलला.

कापणं जमलं. अडलं ते थप्पीपाशी.
चार थर एकदम कापले की
टेरिकॉटच्या कडा वितळून एकमेकींना धरून बसतात.
यंत्राचा हात रबरी वाट्यांनी एक खिसा ओढायचा,
खालचा सोबत यायचा.
शंभराच्या थप्पीत एकशे सात.
अठ्ठावीस नंबरच्या शर्टाला तीन बाह्या.
जून तोंडावर, शाळांचे फोन.
पुण्याचा तन्वीर ओढ कमी करी, तुकडा वाटेत गळे;
वाढवी, तर तीन उचलले जात.

अठरा वर्षं मी थप्प्याच लावल्या.
म्हटलं, फुंकर मार.
तो हसला.
मी अंगठ्यानं कोपरा वाकवला,
तिरकी, हलकी फुंकर घातली.
खालच्यानं वरच्याला सोडलं.

हे आईचं.
विडीची ओली पानं सुपात चिकटायची,
ती बोलता बोलता सुटी करायची,
बोलणंही न थांबवता.

आठवड्यानं तन्वीरनं नळी आणली,
रिफिलएवढी बारीक.
किती जोरात, अक्का?
मी त्याच्या मनगटावर फुंकले.
अजून एकदा, म्हणाला,
मग वहीत आकडा लिहिला.

आता दर दोन सेकंदांनी फुस्स.
एकाला एकच खिसा.
रेणुका आणि मल्लव्वाला बटणाकडे पाठवलं,
तिथं तुकड्यावर पैसे.
डब्याला त्या आता वेगळ्या बसतात.
मला ठेवलं, ट्रे बघायला.

स्क्रीनवर सेटिंगच्या यादीत
तन्वीरनं एक ओळ ठेवून दिली आहे :
नागमणी, शून्य पूर्णांक चार.

रात्रपाळीचा नवा पोरगा विचारतो,
अक्का, हा नागमणी कुठला गॅस?

मी मोजत असते. त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तर.
मोजताना मी बोलत नाही.